टाकीत पाऊस पाडताना

कोरी पाळायचे असतील तर पहिला पैसा वाळूवर खर्च करावा. मासे नंतर, झाडे नंतर, आणि मागच्या काचेला चिकटवायचा समुद्राच्या चित्राचा निळा कागद तर कधीच नको. दुकानातली मांडणी नेमकी उलट असते. टाकीत लाल-निळी रंगवलेली खडी आधीच पसरलेली, वर गोल्डफिश, आणि ‘तळ साफ ठेवतात हो’ म्हणून वरून टाकलेले दोन कोरी. ते दोघे खडीवर तोंड आपटत फिरत राहतात. बघणाऱ्याला वाटते, काय कामसू मासे आहेत! खरे तर ते उपाशी असतात.

कोरिडोरास गटातले हे मासे दक्षिण अमेरिकेतले. आपल्याकडे सगळे त्यांना नुसते कोरीच म्हणतात. शिंगाळा किंवा मांगूर यांचे हे लांबचे भाऊबंद असले, तरी आकार अगदी लहान. जातीप्रमाणे दोन ते सात सेंटिमीटर, फार थोडे त्याहून मोठे. तोंड खालच्या बाजूला वळलेले आणि भोवती आखूड मिशा. खाणे शोधताना कोरी डोळ्यांपर्यंत थोबाड वाळूत खुपसतो, वाळू तोंडात घेतो, त्यातली अळी किंवा अन्नाचा कण ठेवून घेतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. टाकीसमोर खाली बसून पाहिले तर कल्ल्यांच्या झापेखालून वाळूची बारीक धार गळताना दिसते. खडीवर यातले काहीच जमत नाही. खडीच्या फटींत अन्न अडकते आणि कुजते, मिशा तिथेच घासत राहतात, कुजक्या तळातले जीवाणू त्या ओरखड्यांतून आत शिरतात आणि काही महिन्यांत मिशांची नुसती थोटके उरतात. मिशा हीच त्याची बोटे आणि हीच जीभ.

आता वाळू आणायची कुठून? बांधकामाच्या ढिगावरची पिशवीभर आणावी असे कोणालाही वाटेल, पण महाराष्ट्रात हल्ली बांधकामावर बहुतेक ठिकाणी दिसते ती क्रश सँड, म्हणजे काळा दगड यंत्रात फोडून केलेली वाळू. तिच्या कणांना धार असते. बोटांत चोळून पाहिली की लगेच कळते. कोकणातल्या किनाऱ्यावरची वाळू मऊ लागते, पण तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. तो हळूहळू विरघळत पाणी जड करतो. चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकावे. बुडबुडे आले तर ती वाळू कुंडीत घालावी. पोहण्याच्या तलावांच्या फिल्टरमध्ये वापरतात ती गोल कणांची सिलिका वाळू सगळ्यांत सोयीची. गोणीने मिळते आणि ‘अॅक्वेरियम सँड’ असे छापलेल्या पुड्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. दोन फुटी टाकीत, म्हणजे २४ × १२ × १२ इंचांच्या, तीन सेंटिमीटरचा थर द्यायला आठ-दहा किलो लागते. बादलीत पाणी नितळ निघेपर्यंत धुवायची. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते टाळले तर टाकी आठवडाभर ताकासारखी दिसते.

माशाच्या अंगाकडे नीट बघा. त्याला खवले नाहीत. दोन्ही बाजूंना हाडाच्या पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा आहेत, एकमेकींवर चढलेल्या. छातीच्या दोन परांना आणि पाठीवरच्या पराला पुढच्या कडेला जाड काटा असतो. धोका वाटला की तो काटा ताठ उभा करून मासा सांध्यात अडकवून टाकतो. असा त्रिकोण झालेला मासा पक्ष्याच्या किंवा मोठ्या माशाच्या घशातून खाली उतरत नाही. त्यात काट्याच्या मुळाशी विषाच्या ग्रंथीही असतात. माणसाला टोचला तर गांधीलमाशी चावल्यासारखी आग होते, त्यापुढे सहसा काही होत नाही. पण या काट्यांमुळे कोरी जाळीने पकडू नये. काटा जाळीत गुंततो, मग आपण तो सोडवायला जातो आणि मासा जखमी होतो. प्लॅस्टिकचा डबा पाण्यात आडवा धरून त्यात त्याला हाकलणे सोपे.

या विषामुळे निसर्गात एक मजेदार गोष्ट घडली आहे. एकाच ओढ्यात दोन-दोन, तीन-तीन जातींचे कोरी एकाच नक्षीचे आढळतात. अंगावर तेच ठिपके, डोळ्यावरून तीच काळी पट्टी. फरक मुस्कटात: एकाचे लांब, एकाचे आखूड, त्यामुळे एकाच वाळूत ते वेगवेगळे खाणे शोधतात. सगळेच काटेरी आणि सगळेच विषारी, तेव्हा शत्रूने एक नक्षी ओळखायला शिकली की तिघांचेही भले होते. २०११ मध्ये ‘नेचर’मध्ये या सारखेपणावर मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरच्या पाळणाऱ्याला याचा अर्थ एवढाच, की दुकानातल्या एका टाकीतले सगळे ‘सारखे’ कोरी एकाच जातीचे असतीलच असे नाही. पिल्ले हवी असतील तर मुस्कटे तपासूनच मासे निवडावेत.

नावांचाही घोळ आहे. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी या गटाची फेरमांडणी केली आणि कोरिडोरास ही मोठी प्रजाती फोडली. दुकानात अजून कोरिडोरास म्हणून विकला जाणारा ठिपक्यांचा पेपर्ड कोरी आता पुस्तकात होप्लिसोमा झाला आहे आणि ब्राँझ कोरी ऑस्टिओगास्टर. दुकानदाराला यातले काही सांगू नये. तो ‘अल्बिनो’ आणि ‘काळा’ एवढेच दोन प्रकार मानतो आणि त्याचा धंदा नीट चालला आहे.

या पेपर्ड कोरीची कुळकथा मोठी आहे. बीगल जहाजाच्या सफरीत चार्ल्स डार्विनने जे मासे गोळा केले त्यांत तो होता. लेनर्ड जेनिन्सने १८४२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन छापले. पॅरिसमध्ये पिएर कार्बोनिए याने १८७८ मध्ये त्याची पिल्ले काढून दाखवली. विजेचे हीटर नसलेल्या त्या काळात पॅरिसच्या थंडीत हे जमले, कारण हा मासा पाराना आणि उरुग्वे नद्यांच्या खालच्या भागातला, थंड पाणी सोसणारा. नेमके म्हणूनच तो आपल्याला त्रासाचा. १८ ते २३ अंश हे त्याच्या आवडीचे पाणी. मुंबईत मे महिन्यात टाकीचे पाणी तीसला टेकते आणि नागपुरात त्याच्याही पुढे जाते. पांडा कोरी, पांढऱ्या अंगावर डोळ्याभोवती काळे गोल असलेला, पेरूमधल्या थंड ओढ्यांतला. दिसायला सगळ्यांत गोड आणि उन्हाळ्यात सगळ्यांत आधी मरणारा. आपल्या हवेत पहिल्यांदा पाळणाऱ्याने ब्राँझ किंवा त्याचाच पांढरा अल्बिनो घ्यावा. खिसा जरा मोकळा असेल तर स्टर्बाय. हा ब्राझील-बोलिव्हियाच्या सीमेवरच्या ग्वापोरे नदीच्या खोऱ्यातला, काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि नारिंगी काटे असलेला. २७-२८ अंशांत तो मजेत असतो.

सकर मात्र या यादीत नाही. बोटाएवढा असताना तोही ‘काच साफ करणारा छोटा कॅटफिश’ म्हणून विकला जातो आणि दोन वर्षांत फूटभर होतो. मग लोक तो नदीत नेऊन सोडतात. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत आता तो काटेरी, कोणी न खाणारा मासा येतो आणि जाळी फाटतात.

कोरी सफाई कामगार नाहीत, हे एकदा मनाशी पक्के केले की पुढचे सगळे सोपे जाते. ते दुसऱ्याची विष्ठा खात नाहीत, शेवाळ जवळजवळ खात नाहीत, आणि वरच्या माशांनी सोडलेल्या उष्ट्यावर जगतात म्हणाल तर वरचे मासे उष्टे सोडतच नाहीत. त्यांना त्यांचे वेगळे खाणे हवे: तळाशी बसणाऱ्या गोळ्या, गोठवलेले ब्लडवर्म, अधूनमधून जिवंत अळ्या. दिवा बंद करताना घातलेले चांगले, कारण गोल्डफिश आणि गप्पी झोपतात आणि संधिप्रकाशात कोरी जागे होतात. दुकानात वाटीत वळवळणारे ट्युबिफेक्स कोरी आनंदाने खातात, पण ते बहुधा गटाराच्या गाळातून आलेले असतात. घ्यायचेच तर दोन-तीन दिवस वारंवार पाणी बदलून धुतलेले. डासांच्या अळ्या सर्वोत्तम. मात्र त्यासाठी गॅलरीत पाण्याचे पिंप ठेवले तर पावसाळ्यात महापालिकेचे लोक दार वाजवतात, आणि त्यांचे बरोबरच असते.

दुसरी गोष्ट सोबतीची. एक किंवा दोन कोरी म्हणजे कोपऱ्यात लपलेले, राखट पडलेले मासे. सहा घेतले की तेच मासे दिवसाढवळ्या उघड्यावर येतात. एकमेकांना अंगाने हलके ढोसत फिरतात. ब्राँझ कोरीच्या या ढोसण्यावर केंब्रिजच्या संशोधकांनी अभ्यास केला आहे. अचानक धोका आला की अशा स्पर्शातून ते एकमेकांच्या जवळ राहतात. पिग्मी कोरी जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. तो तर दहा-बाराच्या थव्यातच शोभतो, आणि तळ सोडून मधल्या पाण्यातही तरंगतो.

पाहुण्यांना भीती वाटते ती एका सवयीची. मासा निवांत बसलेला असतो आणि एकदम बाणासारखा वर जातो, पृष्ठभागावर तोंड मारतो आणि तसाच खाली येतो. तो हवा गिळायला गेलेला असतो. कोरीच्या आतड्याच्या मागच्या भागात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि गिळलेल्या हवेतला प्राणवायू तिथून रक्तात जातो. उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यांत जगण्याची ही सोय. तासातून एखाद-दुसरी फेरी झाली तर काही बिघडलेले नाही. दर मिनिटाला कोणी ना कोणी वर जात असेल तर पाण्यात प्राणवायू कमी आहे किंवा अमोनिया साठला आहे. तेव्हा आधी पाणी बदलावे, औषधांचा विचार मागाहून. औषधांच्या बाबतीत कोरी नाजूक असतात. तांब्याची औषधे टाळावीत, आणि दुकानदार प्रत्येक आजारावर सुचवतो ते मूठभर खडे मीठही.

फिल्टर साधा स्पंजचा पुरतो, एअर पंपावर चालणारा. त्या स्पंजमध्ये जीवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. ते अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. हा काळ मासे न घालता काढायचा असतो आणि हेच कोणाला जमत नाही. टाकी आणली त्याच संध्याकाळी मासे आणायचे, ही आपल्याकडची रीत. उन्हाळ्यात टाकीचे झाकण काढून पाण्यावर लहान पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. विदर्भात, मराठवाड्यात कोरड्या हवेत हे झकास चालते. मुंबईच्या दमट हवेत तेवढे नाही.

मासे वर्षभर नीट राहिले, मिशा लांब आहेत, माद्या वरून पाहिल्यावर कलिंगडाच्या बीसारख्या रुंद दिसू लागल्या आहेत, तेव्हा पिल्लांचा विचार करावा. नर सडपातळ. एका मादीमागे दोन नर हे प्रमाण चांगले.

या माशांच्या प्रदेशात कोरडे महिने आणि पावसाचे महिने असे दोनच ऋतू. कोरड्यात पाणी आटते, तापते, त्यातले क्षार दाटतात. मग वरच्या रानात पाऊस होतो, थंड आणि मऊ पाणी लोंढ्याने येते, त्यासोबत किडे-अळ्या येतात, आणि मासे अंडी घालतात. घरी तेच सोंग वठवायचे. दोन-तीन आठवडे भरपूर जिवंत किंवा गोठवलेले खाणे द्यायचे आणि पाणी मात्र नेहमीपेक्षा कमी बदलायचे, पातळी थोडी उतरू द्यायची. मग एका संध्याकाळी अर्धे पाणी काढून टाकायचे आणि तीन-चार अंश थंड पाणी हळूहळू ओतायचे. मऊ हवे म्हणून त्यात घरच्या आरओचे पाणी निम्मे मिसळले तरी चालते. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, तिथे तर मिसळावेच. नळाचे असेल तर क्लोरीन मारायचे थेंब विसरू नयेत. एअर पंप जोरात सोडायचा. काही झाले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आपल्याकडे यासाठी सर्वांत चांगला मुहूर्त जूनचा. बाहेर ढग दाटून हवेचा दाब उतरतो आणि खोलीचे तापमानही खाली येते. जुने पाळणारे शपथेवर सांगतात की वादळी पावसाच्या रात्री कोरी हमखास अंडी घालतात. हमखास हा शब्द सोडला तर मीही त्यांच्याच बाजूचा. पिढ्यान्‌पिढ्या टाकीतच जन्मलेले, ॲमेझॉन स्वप्नातही न पाहिलेले मासे थंड पाणी पडताच इतके बेभान होतात, हे पाहण्यासारखे असते.

सुरुवात पाठलागाने होते. नर मादीच्या मागे, अंगावर, डोक्यावरून. सारी टाकी ढवळून निघते. मग एक नर मादीसमोर आडवा होतो आणि मादी त्याच्या पोटाशी, मागच्या भोकाजवळ तोंड लावते. वरून पाहिले तर दोघांचा इंग्रजी टी होतो. नर छातीच्या पराने तिच्या मिशा दाबून धरतो आणि थरथरतो. दोघे क्षणभर निपचित. याच वेळी मादी पोटाखालचे दोन पर जुळवून त्यांची ओंजळ करते आणि तिच्यात एक ते चार अंडी सोडते. नर बाजूला होतो. मादी ओंजळ मिटलेली ठेवून काचेवरून फिरते, एक जागा तोंडाने घासून साफ करते आणि अंडी तिथे टेकवते. पुन्हा पाठलाग, पुन्हा टी. हे कित्येक तास चालते. ब्राँझ किंवा पेपर्ड मादी अशी शंभर-दोनशे अंडी सहज घालते. पिग्मीची थोडीच.

तोंड तिथे का लावते? पूर्वी वाटे की मादी शुक्राणू तोंडात धरून नेते आणि काचेवर फासते. १९९५ मध्ये जपानच्या मासानोरी कोहदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राँझ कोरीवर केलेले काम प्रसिद्ध झाले आणि उत्तर भलतेच निघाले. मादी शुक्राणू गिळते. ते तिच्या आतड्यातून काही सेकंदांत, न पचता, पार होतात आणि मागून थेट परांच्या ओंजळीतल्या अंड्यांवर पडतात. दुसऱ्या नराच्या शुक्राणूंची सरमिसळ व्हायला जागाच राहत नाही. हवा गिळून मागे ढकलण्याची सवय झालेले आतडे या कामीही उपयोगी पडत असावे, असे म्हणायला जागा आहे.

अंडी घालून झाली की आईबाप तीच अंडी खायला वळतात. तेव्हा मासे हलवा किंवा अंडी. दोन-तीन तासांत अंड्यांची साल घट्ट होते. मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने किंवा बोटाने हलकेच लोळवून ती निघतात. दीड-दोन मिलिमीटरचा साबुदाणाच, पण चिकट. टाकीतच तरंगत्या डब्यात, त्याच पाण्यात, बारीक हवेच्या नळीजवळ ती ठेवावीत. पाणी फिकट निळे दिसेल इतपत मिथिलीन ब्लूचे थेंब टाकावेत. त्याऐवजी जंगली बदामाचे वाळलेले पान चालते. मुंबईत रस्तोरस्ती हे झाड आहे. लाल पडून गळलेले पान धुऊन टाकले की त्यातल्या टॅनिनने पाणी चहासारखे होते आणि बुरशीला थोडा आळा बसतो. फळलेले अंडे दुसऱ्या दिवशी तपकिरी दिसते. पांढरे, कापूस फुटलेले अंडे ड्रॉपरने ताबडतोब काढायचे, नाहीतर बुरशी शेजारच्यावर चढते.

तीन ते पाच दिवसांत पिल्ले फुटतात. पोटाखालची पिवळी पिशवी संपेपर्यंत दोन-तीन दिवस त्यांना काही लागत नाही. नंतर मात्र लगेच आणि दिवसातून तीन-चारदा. ओट्सच्या लापशीवर वाढवलेले मायक्रोवर्म आणि नुकती फुटलेली आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे चिमुकले जीव, ही दोन खाणी आधीच तयार हवीत. आर्टेमियाची अंडी लिटरभर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम बिनआयोडीनचे मीठ घालून, २८ अंशांना, हवा सोडत ठेवली की साधारण चोवीस तासांत फुटतात. गाळून, गोड्या पाण्याने धुऊन घालावीत.

बहुतेकांची पिल्ले दुसऱ्या आठवड्यात मरतात. कारण वर नसते, तळाला असते. उरलेले अन्न डब्याच्या तळावर बुळबुळीत थर धरते आणि पोट टेकून बसणारी पिल्ले त्यातच असतात. डब्याचा तळ रोज स्पंजने पुसायचा, रोज थोडे पाणी बदलायचे, थोड्या रामशॉर्न गोगलगायी ठेवायच्या आणि बारीक वाळूची चिमूट पसरायची. महिनाभरात ती सेंटिमीटरभर होतात. पेपर्डची पिल्ले तेव्हा मोठ्यांसारखी मुळीच दिसत नाहीत. अंगापेक्षा मोठे पर आणि काळे डाग घेऊन ती फिरतात.

शंभरातली चाळीस जगली तरी घरात जागा नसते. दोन-अडीच सेंटिमीटरची झाली की जवळपासचा दुकानदार खाण्याच्या पाकिटांच्या बदल्यात आनंदाने घेतो. नेताना पिशव्या दुहेरी, कोपरे रबराने गोल बांधलेले, कारण काट्याने प्लॅस्टिक भोसकते. एका पिशवीत थोडीच घालावीत. घाबरलेले कोरी काट्यांच्या ग्रंथींतून विष सोडतात आणि बंद पिशवीत त्याच विषाने सगळी मरू शकतात. म्हणून पकडल्यावर ती आधी बादलीत अर्धा तास ठेवावीत, पाणी फेसाळले तर ते फेकावे, आणि मग ताज्या पाण्यात पिशवी भरावी.